मेटाऱ्हायझियमच्या अहवालातला ‘इंट्रॉन’ म्हणजे काय?

प्रश्न (चोपडा तालुका): मेटाऱ्हायझियमच्या (अळ्या मारणाऱ्या बुरशीच्या) दोन पाकिटांचे तपासणी अहवाल मिळाले. एकावर ‘२८एस आरडीएनएमध्ये इंट्रॉन आहे’, दुसऱ्यावर ‘नाही’. इंट्रॉन नसलेलं पाकीट हलकं समजायचं का? मक्यावर लष्करी अळी आहे.

उत्तर: नाही. इंट्रॉन म्हणजे गुरांच्या कानातला बिल्ला. त्यावरून गाय कोणती ते कळतं, दूध किती ते कळत नाही.

रायबोसोम हा पेशीचा प्रथिनं बनवणारा कारखाना. त्याच्या जनुकात (हाच आरडीएनए, २८एस हा त्याचा एक भाग) घुसून बसलेला डीएनएच्या साडेतीनशे-चारशे अक्षरांचा जास्तीचा तुकडा म्हणजे हा इंट्रॉन. जनुकाची आरएनए प्रत निघाली की तो आपला आपणच कापला जातो नि उरलेली टोकं सांधली जातात. (आरएनएची ही करामत थॉमस चेक यांनी १९८२ मध्ये दाखवली. १९८९ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.) म्हणून तुकडा असो-नसो, कारखाना चालतोच. काही वाणांत तो असतो, काहींत नसतो. असला की पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती काढणाऱ्या तपासणीत, प्रत तेवढी लांब येते. मात्र दोन वेगळ्या वाणांतही तो एकाच जागी सापडतो, त्यामुळे एवढ्यावर ओळख पक्की धरू नये.

तुम्ही बघायचं ते जिवंत बीजाणू आणि मुदत. ग्रॅमला किमान १० कोटी हवेत. वैशाखात पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिलेलं पाकीट मुदतीत असलं तरी घेऊ नका, उष्णतेनं बीजाणू मरतात.

मात्रा लिटरला ५ ग्रॅम, १५ लिटरच्या पंपाला ७५. आधी बादलीत पातळ कालवा, फडक्यातून गाळा, नाहीतर नोझल तुंबतं. पेरणीनंतर १५ ते २५ दिवसांनी, ऊन उतरल्यावर, थेट पोंग्यात. दहा दिवसांनी पुन्हा. मॅन्कोझेब किंवा कार्बेन्डाझिम याच पंपात टाकलंत तर बुरशीनाशक बुरशीच मारेल. ही चूक फार होते. अळी त्याच दिवशी मरत नाही, चार-सात दिवस थांबा.

काम झालं का, हे घरीच बघा. मेलेल्या अळ्या ओल्या टिपकागदावर डबीत ठेवून सावलीत चार-पाच दिवस राहू द्या. अंग कडक होऊन आधी पांढरी, मग हिरवी पूड आली तर मारणारी बुरशीच. अळी काळी, लिबलिबीत होऊन फुटली तर विषाणू किंवा जिवाणू.

एक घोळ मात्र राहतो. पावसाळी हवेत रायली ही दुसरी बुरशीही अळीवर आपणहून येते, तीही फिकट हिरवीच. हिरवं पाकिटातलं की शेतातलं, हे डोळ्यांनी खात्रीनं ठरत नाही. तिथे प्रयोगशाळा आणि आरडीएनएची तपासणीच लागते.