सांगलीत घरकुलाच्या इमारतीत तळमजल्यावर म्हातारी-अपंग माणसं राहतात. जोराचा पाऊस आला की संडासातून पाणी वर येतं. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की इमारत तीन मजली आहे, शामरावनगरच्या बाजूला, घाण पाणी फक्त खालच्या घरांत येतं आणि वरच्यांची काहीच तक्रार नाही. यात नवल नाही. मी मिरजेत ड्रेनेजची कामं घेतो. वरच्या सगळ्या संडासांची उभी लाइन खाली आडवी होते, तिथंच तळमजल्याचा पॅन जोडलेला असतो. पुढं कुठंही तुंबलं की पाणी सगळ्यात खालचं तोंड शोधतं, आणि ते तोंड म्हणजे तळमजल्यावरच्या आजीचं संडास. अपंगांना घरयोजनेत ५ टक्के आरक्षण कायद्यानं आहे, चढउतार नको म्हणून खालचा मजलाही देतात. चांगलंच आहे. फक्त तो मजला देताना पाइपाचा विचार कुणी केलेला नसतो.

आता, पावसातच का येतं? माझा पहिला संशय गच्चीच्या पाइपावर. दोनशे चौरस मीटर गच्चीवर २५ मिलिमीटर पाऊस झाला की पाच हजार लिटर पाणी होतं. ते गटारात सोडायचं, पण गटार लांब पडतं म्हणून गवंडी जवळच्या मैल्याच्या चेंबरात पाइप घुसवतो आणि वर माती ओढतो. चार इंची लाइनला ते झेपत नाही. त्यामुळं आधी गच्चीवरून त्या पाइपात बादलीभर पाणी ओता आणि चेंबरचं झाकण उघडून बघा. त्यात पाणी आलं, तर निम्मा आजार तिथंच आहे. तो पाइप तोडून पावसाच्या गटारीकडं वळवणं हे सगळ्यात स्वस्त काम, पावसाळ्याआधी तेवढं तरी कराच.

मग कोरड्या दिवशी रस्त्यालगतचं शेवटचं चेंबर उघडा. ते भरलेलं असेल तर अडचण पुढच्या महापालिकेच्या लाइनीत आहे. जेटिंग मशीनसाठी (जोराच्या पाण्यानं लाइन साफ करणारं यंत्र) लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ते कोरडं आणि मागचं भरलेलं, तर दोहोंच्या मधे काहीतरी आहे. पॅनमध्ये कपड्याची नीळ टाकून फ्लश करा, निळं पाणी कुठल्या चेंबरला किती वेळानं येतं ते पाहा. आपल्याकडच्या काळ्या मातीत हे फार होतं: उन्हाळ्यात भेगा, पावसात फूग, आणि पाइप मधेच खचून त्याला पोट सुटतं. साफ केलं तरी महिन्याभरात परत तुंबतं. तिथं ॲसिड ओतून उपयोग नाही, तेवढा तुकडा उकरून मुरूम-कच दाबून नवा पाइप टाकायचा. चार इंची पाइपाला दर दहा फुटांला दोन इंच ढाळ धरा. चेंबरात माणूस मात्र उतरवू नका. आत विषारी वायू असतो, आणि २०१३ च्या कायद्यानं ते गुन्हाही आहे.

कायमचा इलाज म्हणजे तळमजल्याची लाइन वेगळी करून सरळ पुढच्या चेंबरात नेणं, आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी बाहेर जाऊ देणारी पण मागं येऊ न देणारी झडप, बसवायचा तो फक्त त्याच लाइनीवर. दुकानदार आणि काही प्लंबर तो मुख्य लाइनीवर बसवायला सांगतात. तसं केलं की व्हॉल्व्ह बंद झाल्यावर वरच्या मजल्यांचं पाणी बाहेर जायला वाट उरत नाही, ते पुन्हा आजीच्याच पॅनमधून वर येतं, आणि या वेळी ते शेजाऱ्यांचं असतं. व्हॉल्व्ह हाताला पोचेल अशा चेंबरात असू दे. त्याच्या आतल्या उघडझाप करणाऱ्या पट्टीत केस, चिंधी अडकली की तो अर्धवट उघडा राहतो. मे महिन्यात आणि पावसाळ्यात अधूनमधून उघडून पुसा.

एक नाजूक विषय. ज्येष्ठांच्या इमारतीत चोकअप काढताना मोठ्यांचे डायपर निघतात. कुणाला बोलू नका, लाजेपोटीच ते फ्लश होतात. प्रत्येक घरात झाकणाची बादली आणि कागदात गुंडाळून घंटागाडीत वेगळं देण्याची सोय, एवढ्यानं निम्म्या चोकअप थांबतात.

रॅम्पच्या तोंडाशी आडवी गटार करून जाळी टाका. जाळीच्या फटी चाकाच्या दिशेला आडव्या असू देत आणि अर्ध्या इंचापेक्षा मोठ्या नकोत, नाहीतर व्हीलचेअरचं पुढचं छोटं चाक आणि काठीचं टोक त्यात अडकतं. रॅम्पचा चढ एकास बारापेक्षा तीव्र करू नका. खोदकाम निम्मं-निम्मं करा, चरावर लोखंडी प्लेट ठेवा, आणि संडास बंद राहणार त्या दिवशी कमोड खुर्ची आणून ठेवा. म्हाताऱ्या माणसाला 'आजचा दिवस काढा' म्हणून चालत नाही.

इमारत रेरात (बिल्डरांवर देखरेख करणारं सरकारी प्राधिकरण) नोंदलेली असेल आणि ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील, तर दोष दुरुस्त करणं बिल्डरच्या अंगावर आहे. त्याला फोनवर न सांगता लेखी द्या.

राहिला महापूर. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला ती ५७ फुटांवर गेली होती. नदीची फूग नाल्यांतून मागं आली की कुठलाही व्हॉल्व्ह पुरत नाही. तेव्हा इशाऱ्याची पातळी गाठायची वाट न बघता, पाणी ३५-३६ फुटांच्या पुढं चढत असेल तर लगेच व्हीलचेअरवाल्यांना आणि अंथरुणाला खिळलेल्यांना हलवायला लागा. त्यांना वेळ लागतो, आणि अंधारात, गुडघाभर पाण्यात खुर्ची ढकलता येत नाही.