गिअर बनवायला घेतोयस? आधी मॉड्यूल बघ
अरे, दात मोजून गिअर ऑर्डर करू नकोस, आधी मॉड्यूल, म्हणजे दाताच्या आकाराचं माप, काढ. स्पर गिअरचा (सरळ दातांच्या गिअरचा) बाहेरचा व्यास भागिले (दातांची संख्या अधिक 2), म्हणजे 66 एमएम आणि 31 दात असतील तर मॉड्यूल 2. मॉड्यूल सेम नसेल तर जोडी बसणारच नाही, आणि प्रेशर अँगलपण (दाताच्या बाजूचा कल) सेम लागतो, आजकाल 20 डिग्री असतो पण जुन्या मशीनवर साडेचौदापण सापडतो, मी एकदा फसलोय त्यात, आवाज असला यायचा की विचारू नकोस. 20 डिग्रीला 17 पेक्षा कमी दात घेतलेस तर मुळाशी अंडरकट होतो, म्हणजे तिथे दात आत कापला जातो, आणि कमजोर पडतो. आणि बॅकलॅश, म्हणजे जोडीच्या दातांमधली मोकळी जागा, थोडा ठेवच, एकदम घट्ट बसवलास तर गरम होऊन जाम होईल.