विमान कंपनीची संगणक यंत्रणा बंद, आणि प्रवासी मात्र ‘नो-शो’

प्रश्न : मी सांगलीत राहतो. तीन आठवड्यांपूर्वी पत्नी आणि आई यांच्यासह पुण्याहून सकाळी ६.१० च्या विमानाने दिल्लीला जायचे होते. तिकिटे पोर्टलवरून काढली होती आणि परतीचा प्रवासही त्याच पीएनआरवर होता. आदल्या रात्री वेब चेक-इन झाले नाही. पहाटे ३.५० ला आम्ही टर्मिनलमध्ये पोहोचलो. कंपनीची यंत्रणा बंद असल्याने काउंटरवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले जात होते. आमचा नंबर ५.२० ला लागला, तेव्हा ‘काउंटर बंद झाला’ असे सांगण्यात आले. विमान प्रत्यक्षात साडेसातनंतर सुटले. आम्हाला ‘नो-शो’ (विमानासाठी न आलेले प्रवासी) ठरवून परतीची तिकिटेही रद्द केली आणि केवळ कर व विमानतळ शुल्क परत दिले. दुसऱ्या कंपनीची महाग तिकिटे काढावी लागली, दिल्लीहून निघणारी सहलीची बस चुकली, टॅक्सीने हरिद्वार गाठावे लागले. कंपनीचे म्हणणे असे की, बिघाड बाहेरच्या संगणक कंपनीकडे होता व तो नियंत्रणाबाहेरचा होता. तुम्ही उशिरा आलात. पैसे पोर्टलकडे मागा. आणि दावा दिल्लीतच करता येईल. काय करावे?

उत्तर : कंपनीच्या चार बचावांपैकी तिघांना कायद्यात उत्तर आहे. ‘तुम्ही उशिरा आलात’ याला मात्र पुराव्यानेच उत्तर द्यावे लागेल, आणि तो पुरावा दिवसेंदिवस नाहीसा होत असतो. म्हणून कंपनीला पाठवायच्या नोटिशीच्या मसुद्याआधी त्याच्या मागे लागा.

विमानतळावरील सीसीटीव्ही चित्रण फार काळ ठेवले जात नाही. पुणे विमानतळाचे टर्मिनल भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे असल्यामुळे त्या दिवशीचे प्रवेशद्वार आणि काउंटर परिसरातील चित्रण जतन करावे, असे पत्र विमानतळ संचालकांना ईमेल आणि स्पीड पोस्ट या दोन्ही मार्गांनी आजच पाठवा. चित्रण सुरक्षेचे कारण सांगून तुम्हाला नाकारले जाऊ शकते. तरीही जतनाचे पत्र वेळेवर गेलेले असेल तर ग्राहक आयोगामार्फत ते मागवण्याची वाट मोकळी राहते. ‘डिजीयात्रा’ने (चेहरा ओळखून प्रवेश देणाऱ्या सुविधेने) प्रवेश केला असल्यास त्यावर विसंबू नका, कारण विमानतळाकडील ती माहिती प्रवासानंतर चोवीस तासांत पुसली जाते. स्वतःच्या गाडीने गेला असाल तर खेड-शिवापूर टोलनाक्यावरील फास्टॅगची वेळ, पार्किंगची पावती, वेब चेक-इनच्या वेळी आलेल्या त्रुटीसंदेशाचा स्क्रीनशॉट, रांगेतील छायाचित्रे, हे सर्व मूळ मोबाइलमध्येच राहू द्या. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. रांगेतील एखाद्या सहप्रवाशाचा दूरध्वनी क्रमांक घेतलेला असेल, तर त्याचे शपथपत्र या सगळ्यापेक्षा वजनदार ठरेल.

त्याच वेळी प्राधिकरणाकडे माहिती अधिकारात एक नेमका प्रश्न विचारा : त्या पहाटे विमानतळाची सामाईक चेक-इन यंत्रणा बंद होती, की फक्त या एका कंपनीची? शेजारच्या काउंटरवर इतर कंपन्यांचे प्रवासी नेहमीप्रमाणे छापील पास घेऊन जात असतील, तर बिघाड या कंपनीच्या स्वतःच्या यंत्रणेतला होता, हे जवळपास सिद्ध होते. युरोपीय न्यायालयाने हाच भेद मानला आहे. विमानाच्या नेहमीच्या चालनात उद्भवणारा तांत्रिक दोष ही कंपनीची जबाबदारी, असे २००८ च्या निकालात म्हटले गेले. विमानतळाची सामाईक इंधनपुरवठा यंत्रणा कोलमडली, तेव्हा मात्र २०२२ मध्ये ती असाधारण, म्हणजे कंपनीच्या नियंत्रणाबाहेरची, परिस्थिती मानली गेली. आपल्याकडे हे निकाल बंधनकारक नाहीत, परंतु युक्तिवादाला आधार म्हणून चालतात.

आता ‘नियंत्रणाबाहेर’ या शब्दांविषयी. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) नियमांत राजकीय अस्थैर्य, नैसर्गिक आपत्ती, दंगल, पूर, स्फोट, सरकारी आदेश, संप अशी यादी असून तिच्या शेवटी ‘कंपनीच्या नियंत्रणाबाहेरील अन्य कारणे’ असे शेपूट आहे. संगणक बिघाडाचा बचाव या शेपटालाच लटकतो. आरक्षणाच्या यंत्रणांची मुळे १९६० च्या दशकात अमेरिकन एअरलाइन्स आणि आयबीएम यांनी उभारलेल्या ‘सेबर’पर्यंत जातात, त्या पायावर आणि त्याच धाटणीवर पुढे वेब, ॲप, किऑस्क असे थर चढत गेले, आणि आज बहुतेक कंपन्या ही यंत्रणा बाहेरच्या पुरवठादाराकडून घेतात. २७ एप्रिल २०१९ रोजी विमान कंपन्यांना संगणक सेवा पुरवणाऱ्या ‘सीटा’च्या यंत्रणेतील बिघाडाने एअर इंडियाची उड्डाणे जगभर रखडली. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ या संगणक सुरक्षा कंपनीच्या सदोष अद्ययावतीकरणामुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि भारतातही प्रवाशांच्या हाती हस्तलिखित पास आले. ज्या धोक्याची इतकी उदाहरणे डोळ्यांपुढे आहेत, तो आकस्मिक होता असे म्हणणे कंपनीला जड जाईल. शिवाय हाताने पास लिहिण्याची पर्यायी पद्धत कंपनीकडे होती आणि ती त्या पहाटे चालूही होती. ती चालवताना रांगेतील सर्वांना पुरेल इतका वेळ दिला गेला नाही, हीच सेवेतील त्रुटी.

सिद्ध करण्याचा भार कोणावर, हेही पाहा. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०२१ रोजी नॉर्थ वेस्टर्न रेल्वेच्या प्रकरणात, गाडी चार तास उशिरा जम्मूला पोहोचल्याने श्रीनगरचे विमान चुकलेल्या प्रवाशाला टॅक्सीच्या खर्चासह भरपाई कायम केली; विलंबाचे कारण नियंत्रणाबाहेरचे होते हे वाहतूकदाराने दाखवले पाहिजे, असे त्यात स्पष्ट आहे. तुमच्या हरिद्वारच्या टॅक्सीसाठी याहून जवळचा निकाल मला दिसत नाही.

तुमच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा कंपनीच्या उत्तरात आलेलाच नाही. उड्डाण सव्वा तासाहून अधिक लांबले, तरी काउंटर मात्र मूळ वेळापत्रकाच्या एक तास आधी बंद झाला. उड्डाण लांबवताना घड्याळ कंपनीच्या सोयीचे आणि तुम्हाला अडवताना छापील वेळेचे, हे चालणार नाही. उड्डाणाचे चेक-इन बंद होताना ज्यांची नोंद नाही त्यांना यंत्रणा ‘नो-शो’ ठरवते आणि त्याच पीएनआरवरील पुढचा प्रवास रद्द करते. ज्या यंत्रणेत त्या वेळी नोंद होणेच शक्य नव्हते, तिची नोंद तुमच्या गैरहजेरीचा पुरावा कशी होईल? नोटिशीत पीएनआरचा संपूर्ण इतिहास वेळांच्या नोंदींसह मागा. प्रत्येक बदल तिथे टिपलेला असतो.

‘बोर्डिंग नाकारणे’ या सदराखालील भरपाईवर मात्र सगळी भिस्त ठेवू नका. पर्यायी विमान चोवीस तासांत दिल्यास मूळ भाडे व इंधन शुल्काच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये, आणि त्यानंतर दिल्यास चौपट, कमाल २०,००० रुपये, अशी ती तरतूद मुख्यतः जादा आरक्षणाच्या संदर्भातली आहे. कंपनी तेच म्हणेल. ही मागणी पर्यायी ठेवून मुख्य दावा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खालील सेवेतील त्रुटीचा करावा.

पोर्टल हे कंपनीचे नियुक्त प्रतिनिधी असल्याने परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच आहे. तरीही पैशांचा माग राहावा म्हणून पोर्टलला सामनेवाला (प्रतिवादी) क्रमांक २ करा. संगणक कंपनीला गोवू नका. तुमचा तिच्याशी करार नाही, आणि डेल्टा या अमेरिकन विमान कंपनीने क्राउडस्ट्राइकविरुद्ध अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात दावा लावला तसे करणे हा विमान कंपनीचा प्रश्न आहे. दिल्लीच्या अटीने बिचकू नका : ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे सांगलीतच, तक्रार करता येते. मुदत कलम ६९ प्रमाणे दोन वर्षे आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही.

मागणी मांडताना एक पथ्य पाळा. जुन्या तिकिटांचा पूर्ण परतावा आणि नव्या तिकिटांची पूर्ण किंमत असे दोन्ही मागू नका, कारण प्रवास तुम्ही केलेलाच आहे. जुन्याचा परतावा आणि नव्या-जुन्यातील फरक मागा. परतीचा हिशेबही असाच वेगळा दाखवा. टॅक्सीचे बिल आणि सहलीच्या चुकलेल्या भागाचे सहल कंपनीचे पत्र जोडा. मानसिक त्रासाचा आकडा माफक ठेवा. फुगवलेल्या आकड्याने बाकीच्या बिलांवरही संशय येतो.

‘एअरसेवा’ या विमान प्रवाशांसाठीच्या सरकारी तक्रार पोर्टलवर आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून त्यांचे क्रमांक नोटिशीत लिहा आणि पंधरा दिवसांची मुदत द्या. या काळात कंपनी बहुधा प्रवासाचे व्हाउचर देऊ करील. ते घ्यायचे असल्यास ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ असा मजकूर असलेल्या ईमेलला होकार देऊ नका, आणि ‘उर्वरित हक्क राखून स्वीकारले’ असे लेखी कळवल्याशिवाय ते वापरू नका.