वाचकांचे प्रश्न : फोममधला उत्प्रेरक आणि तपकिरी पडणारी पीव्हीसी स्किन

प्रश्न : वाहनांच्या अंतर्भागासाठी आम्ही जे सुटे भाग बनवतो त्यांत वर पीव्हीसीची पातळ स्किन, मधे अर्धकठीण पॉलियुरेथेन फोम आणि खाली कठीण प्लास्टिकचा सांगाडा असतो. साच्यातून निघालेला भाग निर्दोष दिसतो, पण १२० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये ठेवला की काही दिवसांत स्किन तपकिरी पडते आणि ताठर होते. स्किन पुरवणारे फोमला दोष देतात आणि पॉलिओल (फोमचा एक मुख्य कच्चा माल) पुरवणारे स्किनला. दोष नेमका कोणाचा, आणि ‘रिॲक्टिव्ह’ उत्प्रेरक घेतल्याने तो जाईल का?

उत्तर : आधी दोष कोणाचा हे ठरवा, कारण ते ठरवणे तुम्हाला वाटते त्याहून सोपे आहे. त्याच रोलमधून स्किनचे तीन तुकडे कापा. पहिला नुसताच ओव्हनमध्ये ठेवा, दुसरा फोमसह ठेवा आणि तिसरा घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत अशा रीतीने ठेवा की फोमचा तुकडा जवळ असेल, पण स्किनला टेकणार नाही. पहिला तुकडा शाबूत राहिला आणि तिसराही तपकिरी पडला, तर फोममधून वाफेच्या रूपाने बाहेर पडणारे अमाइन (उत्प्रेरक म्हणून वापरले जाणारे नायट्रोजनयुक्त संयुग) हेच कारण आहे असे समजायला हरकत नाही. पहिलाही तपकिरी पडला, तर स्किनमधील उष्णता-स्थिरक अपुरा आहे आणि फोमचे सूत्र बदलून काहीही साधणार नाही.

पॉलियुरेथेन फोम घडताना दोन अभिक्रिया शेजारी शेजारी चालतात. आयसोसायनेट (फोमचा दुसरा मुख्य घटक) आणि पॉलिओल यांच्या संयोगातून युरेथेनचे जाळे विणले जाते, तर आयसोसायनेट आणि पाणी यांच्या अभिक्रियेतून कार्बन डायऑक्साइड सुटून फोम फुगतो. दोन्हींचा वेग जुळला पाहिजे : फुगण्याची अभिक्रिया पुढे गेली तर फोम कोसळतो, आणि जाळे लवकर घट्ट झाले तर फोममधील वायूच्या पेशी बंद राहून भाग थंड होताना आकसतो. हा मेळ साधण्यासाठी सर्वाधिक वापरले जातात ते तृतीयक अमाइन. ट्रायएथिलीनडायअमाइन प्रामुख्याने जाळे विणण्याच्या अभिक्रियेला वेग देते, तर बिस-डायमिथिलअमिनोएथिल ईथर फुगण्याच्या अभिक्रियेला. मात्र फोम घट्ट झाल्यावर हे रेणू कशालाच बांधलेले नसतात. ते फोममध्ये मोकळे राहतात, उष्णतेने हलतात आणि स्किनपर्यंत पोहोचतात.

अमाइन हा अल्क असल्यामुळे तो पीव्हीसीच्या साखळीतून हायड्रोजन क्लोराइड ओढून काढतो. त्या जागी कार्बनचे दुहेरी बंध उरतात आणि असे बंध एकाआड एक ओळीने वाढत गेले की स्किन प्रथम पिवळी, मग तपकिरी आणि शेवटी जवळजवळ काळी दिसू लागते. ताठरपणाचे सारे खापर मात्र अमाइनवर फोडू नये. स्किनमधील प्लास्टिसायझर (पीव्हीसीला मऊ ठेवणारा पदार्थ) फोममध्ये झिरपत जातो, त्यामुळेही स्किन कडक होते, आणि त्यावर कोणताही उत्प्रेरक उपाय नाही. सांगाडा पॉलिकार्बोनेट असलेल्या मिश्र प्लास्टिकचा असेल तर तिकडेही लक्ष द्या, कारण अमाइन पॉलिकार्बोनेटची साखळी तोडते आणि ताणाखालच्या जागी तडे जाऊ शकतात.

आता रिॲक्टिव्ह उत्प्रेरकांविषयी. या अमाइनच्या रेणूवर हायड्रॉक्सिल किंवा आयसोसायनेटशी जोडला जाणारा दुसरा एखादा गट असतो. डायमिथिलएथेनॉलअमाइन हे त्याचे साधे उदाहरण. काम करता करता तो रेणू स्वतःच जाळ्यात बांधला जातो, त्यामुळे स्किनकडे जाणारे अमाइन बरेच कमी होते. तुमच्या अडचणीवर हाच मुख्य उपाय आहे, पण तो फुकटात मिळत नाही. बांधला गेलेला रेणू पूर्वीसारखा फिरू शकत नाही, म्हणून शेवटच्या टप्प्यात फोम पक्का होण्याचा वेग मंदावतो आणि मात्रा सहसा वाढवावी लागते. एकच हायड्रॉक्सिल गट असलेला रेणू साखळी तिथेच संपवतो, त्यामुळे मात्रा फार वाढवली तर फोमची ताकद घटते. म्हणून नवे सूत्र केवळ कोरड्या उष्णतेत न तपासता दमट उष्णतेतही तपासा. जाळ्यात अडकलेल्या अमाइनमधला नायट्रोजन तिथे आपले उपद्व्याप चालूच ठेवू शकतो.

अमाइन कमी करून बिस्मथ निओडेकॅनोएटसारख्या धातूच्या क्षाराची जोड देण्याचा मार्गही आहे. हे क्षार वाफ होऊन उडत नाहीत, परंतु ते मुख्यतः जाळे विणण्याचीच बाजू सांभाळतात, त्यामुळे फुगण्यासाठी थोडे रिॲक्टिव्ह अमाइन ठेवावेच लागते. शिवाय पाणी मिसळलेल्या पॉलिओलमध्ये हे क्षार साठवणुकीत हळूहळू निकामी होऊ शकतात; मिश्रण महिनाभर ठेवून जेल टाइम (फोम घट्ट होऊ लागेपर्यंतचा वेळ) पुन्हा मोजल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

एक घोटाळा वारंवार दिसतो, म्हणून सांगतो. ‘डिलेड ॲक्शन’ म्हणून विकले जाणारे उत्प्रेरक हे बहुधा आम्लाने तात्पुरते बांधलेले अमाइन असतात. मिश्रण साच्याच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचावे म्हणून ते उत्तम, पण अभिक्रियेच्या उष्णतेने अमाइन पुन्हा मोकळे होते आणि डागांचा प्रश्न जिथल्या तिथे राहतो.

प्रश्न : दोन पुरवठादारांच्या उत्प्रेरकांची मात्रा सारखी ठेवली, तरी क्रीम टाइम (मिश्रण फुगू लागेपर्यंतचा वेळ) वेगळा का येतो?

उत्तर : डबे सारखे असले तरी आतला ऐवज सारखा नसतो. ट्रायएथिलीनडायअमाइन हा घन पदार्थ असून तो बहुधा डायप्रोपिलीन ग्लायकॉलमधील ३३ टक्के द्रावण म्हणून मिळतो. म्हणजे १०० भाग पॉलिओलमागे ०.५ भाग द्रावण टाकले, तर खरा उत्प्रेरक जेमतेम ०.१६५ भाग पडतो. तुलना नेहमी सक्रिय भागाची करा, आणि दोन्ही घटकांचे तापमान सारखे ठेवूनच घड्याळ लावा.

प्रश्न : मिश्रण-विभागातील कामगारांना संध्याकाळी दिव्यांभोवती निळसर वलये दिसतात. याचा उत्प्रेरकाशी संबंध आहे का?

उत्तर : दाट शक्यता आहे. अमाइनच्या वाफेने डोळ्याच्या पारदर्शक पटलाच्या वरच्या थराला सूज येते, आणि दृष्टी धूसर होऊन दिव्यांभोवती वलये दिसतात. वाफेपासून दूर गेल्यावर साधारणतः काही तासांत ती जातात, परंतु तोवर वाहन चालवू देऊ नये. उत्प्रेरक ओतण्याच्या जागी वाफ ओढून घेणारी व्यवस्था बसवा, डबे झाकून ठेवा आणि नेत्रतज्ज्ञांना कामाचे स्वरूप सांगूनच तपासणी करून घ्या.