चुकीचे उत्तर पुसू नकोस

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. तीन वर्षांपूर्वी तू केलेला गणिताचा खेळ नव्या फोनवर उतरत नाही, प्ले स्टोअरच्या सूचना साचल्या आहेत, पैसे देऊ करणाऱ्या संस्थेला त्यात नाणी, घड्याळ आणि गुणवत्ता यादी हवी आहे, शिक्षक बदलत्या पाठ्यपुस्तकांबद्दल विचारत आहेत आणि पुण्यातले तुझे मित्र सगळे मोडून नव्या इंजिनात, म्हणजे खेळ बनवायच्या नव्या सॉफ्टवेअरात, पुन्हा लिहायला सांगत आहेत. यातल्या कशाला आधी हात घालावा, असे तू विचारतोस. खरे सांगायचे तर पत्र वाचून मला थोडा रागच आला, कारण एवढ्या लांबलचक मजकुरात मुले तुझ्या खेळात कुठे अडतात आणि काय चुकतात याविषयी एक ओळसुद्धा नाही.

मागच्या पावसाळ्यात मी आमच्या वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेत तुझा खेळ उघडून तिसरीतल्या एका मुलीच्या हातात फोन दिला आणि शेजारी गप्प बसून राहिले. पडद्यावर बेचाळीस नारळ होते, त्यांतले सतरा विकले गेले, किती उरले असा प्रश्न होता आणि खाली चार उत्तरे होती. तिने ओठ हलवत हिशेब केला आणि ३५ वर बोट ठेवले. लाल फुली आली, भोंगा वाजला. मग तिने ५९ दाबले, पुन्हा भोंगा. १५ दाबले, पुन्हा भोंगा. शेवटी उरलेले २५ दाबले आणि पडदाभर चांदण्या पडल्या. तिने माझ्याकडे पाहिलेही नाही, लगेच पुढच्या गणिताला लागली आणि तिथे तर ओठही हलले नाहीत, थेट पहिल्या पर्यायापासून ओळीने बोट फिरू लागले.

तुझ्या नोंदीत हे गणित 'सुटले' असे लिहिले गेले असणार. ते ३५ आले कुठून, याचा विचार कर. एककाच्या घरात २ मधून ७ जात नाहीत, म्हणून तिने ७ मधून २ काढले. दशकाच्या घरात ४ मधून १ काढला. पहिलीत आपणच तिला सांगितलेले असते की मोठ्यातून लहान वजा करायचे. तिने तो नियम प्रामाणिकपणे पाळला आणि तुझ्या खेळाने तिला भोंगा ऐकवला. अमेरिकेत जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ साली वजाबाकीतल्या अशा चुकांचा बारकाईने अभ्यास मांडला. मुले वाटेल तसे चुकत नाहीत, बहुतेक वेळा ती एखादा चुकीचा नियम काटेकोरपणे पाळत असतात, हे त्यांनी दाखवून दिले आणि शिक्षकांना तो नियम ओळखण्याचा सराव व्हावा म्हणून संगणकावरचा एक खेळही तयार केला. खेळ शिक्षकांसाठी होता, हे लक्षात घे. चूक वाचायला आधी मोठ्यांनी शिकायचे असते.

म्हणून माझे सांगणे एकच आहे आणि या पत्रात ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे: चुकीचे उत्तर पुसू नकोस, ते वाच. ३५ आले तर फुली दाखवू नकोस. आपल्या शाळांत माडाच्या झापाचे हीर, म्हणजे पातीमधल्या काड्या, दहा-दहाच्या जुड्या बांधून ठेवलेले असतात, तेच पडद्यावर आण. मुलीने सांगितलेले ३५ हीर एका बाजूला मांड, विकलेले १७ त्यांच्या शेजारी ठेव आणि दोन्ही एकत्र कर. ५२ होतील. मूळचे ४२ तिथेच दिसत असतील, तर एक जुडी जास्त झाली हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी कळेल आणि मग ती जुडी सोडून दहा सुटे करण्याची सोय तिच्या बोटाखाली असली पाहिजे. त्या क्षणी खेळाने एक शब्दही बोलू नये. दशक सुटा करणे ही कृती तिच्या हातून झाली तर हातचा तिला कळला. तुझ्या सूचनेवरून झाली तर तो तुलाच कळला.

हे काम कंटाळवाणे आहे. प्रत्येक गणितासाठी निदान दोन-तीन ओळखीच्या चुका ठरवाव्या लागतात आणि त्या प्रत्येकीला वेगळा प्रतिसाद द्यावा लागतो. त्यापेक्षा पन्नास नव्या पातळ्या जोडणे कितीतरी सोपे असते, आणि तू तेच केले आहेस. तुझ्या ऐकण्याच्या पातळीत 'एकोणसाठ' असा आवाज येतो आणि मूल ६९ लिहिते, कारण त्याच्या कानाला साठ ऐकू आलेले असतात. 'त्रेपन्न' ऐकून कुणी ३५ लिहिते, कारण तीन आधी ऐकू येतात. या दोन चुका वेगळ्या आहेत, त्यांवरचे उपायही वेगळे आहेत आणि तुझा खेळ दोघांनाही एकच भोंगा वाजवतो. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली एकवीसच्या 'वीस एक' अशा वाचनाला जागा दिली गेली तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. त्या वादात कोणतीही बाजू घेतलीस तरी मुले त्या ठिकाणी अडखळतात, हे कुणी नाकारलेले नाही. तुझ्या खेळाला निदान तिथे थांबता आले पाहिजे.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी माझ्या लक्षात आली. दशक शिकवण्यासाठी तू आंब्याची पेटी घेतली आहेस आणि पेटीत दहा आंबे भरले आहेत. ज्यांच्या घरी चैत्र-वैशाखात पेट्या भरल्या जातात अशी मुले तुझ्या समोर आहेत. एका मुलाने मला विचारले, "बाई, पेटी दहाची कशी?" आंबा डझनावर जातो, हे त्याला बोलायला लागल्यापासून माहीत आहे. चित्र कोकणातले घेतले म्हणजे गणित कोकणातले होत नाही. पेटी हवीच असेल तर ती बाराच्या पाढ्याला आणि भागाकारातल्या बाकीला घे, तिथे ती फार चांगली चालेल. दशक-शतकाला हिरांची जुडी घे, शेकड्यावर मोजले जाणारे नारळ घे. हा बदल तुला एका आठवड्यात करता येईल आणि संस्थेने मागितलेल्या सगळ्या नाण्यांपेक्षा त्याचे मोल जास्त आहे.

नाणी आणि घड्याळ यांविषयी मी शांतपणे लिहू शकत नाही. मीही एके काळी गणिताचा एक खेळ केला होता. तो बऱ्यापैकी चालू लागला होता तेव्हा एका संस्थेने तो अनेक शाळांच्या टॅबवर घालायची तयारी दाखवली. त्यांच्या अटी दोनच होत्या, प्रत्येक गणिताला वेळ लावायची आणि मुलांची क्रमवारी दाखवायची. मी नकार दिला. त्यांनी दुसरा खेळ घेतला आणि माझा होता तिथेच राहिला. तेव्हा सहकाऱ्यांनी मला समजावले की आधी शाळाशाळांत पोहोचू, मग हवे ते बदलू. माझ्या हट्टापायी हजारो मुलांपर्यंत खेळ गेला नाही, असे अजूनही कुणी बोलून दाखवते आणि ते ऐकताना मला त्रास होतो, हे मी लपवणार नाही. पण आज कुणी तोच कागद पुढे केला तर मी आजही सही करणार नाही. घड्याळ सुरू झाले की हातचा लक्षात ठेवायला लागणारी मनातली जागा धास्ती व्यापून टाकते आणि मग आपण गणित मोजत नाही, भीती मोजतो. त्याहून वाईट म्हणजे घाईत दाबलेल्या उत्तरातून काही वाचता येत नाही. सावकाश केलेल्या चुकीत मुलाचा विचार दिसतो. घड्याळाने करवलेल्या चुकीत फक्त बोट दिसते. आणि ज्या वर्गात सगळी मिळून सात-आठ मुले आहेत तिथे क्रमवारी लावून तू कुणाला काय नवे सांगणार? शेवटचा कोण हे त्या मुलाला पडद्याशिवायही माहीत असते.

संस्थेला तू काय उत्तर द्यायचे ते तू ठरव. तुला घरभाडे भरायचे असते, मला निवृत्तिवेतन मिळते, हा फरक मला कळतो. पण निदान एवढे माग की घड्याळ बंद ठेवण्याची सोय शिक्षकाच्या हाती असावी आणि सुरुवातीला ते बंदच असावे.

आता यंत्राकडे वळू. प्ले स्टोअर दरवर्षी, साधारणपणे ऑगस्टअखेर, टार्गेट एपीआयची पातळी, म्हणजे ॲप अँड्रॉइडच्या किती नव्या आवृत्तीसाठी बांधलेले हवे ती अट, वाढवते. ॲप मागे पडले की नव्या फोनवाल्यांना ते दिसेनासे होते. हे दर वर्षीचे काम आहे, घरपट्टी भरतो तसे ते उरकायचे आणि त्यासाठी खेळ मोडायचा नाही. टार्गेट वाढवले म्हणजे जुने फोन सोडावे लागतात असे नाही, अँड्रॉइडची किमान आवृत्ती वेगळी लिहिलेली असते. तिला विनाकारण हात लावू नकोस, कारण वाडीतल्या मुलाच्या हातात येतो तो घरातला सर्वांत जुना फोन असतो. तुझा खेळ ज्या गोडो इंजिनात आहे त्याच्या गोडो ३ मधून गोडो ४ मध्ये जायला मात्र तुझ्याकडे खरे कारण आहे. जुन्या मालिकेत देवनागरीची जोडणी नीट होत नाही, वेलांटी भलत्या बाजूला जाते आणि जोडाक्षरे सुटी पडतात, म्हणून तू प्रत्येक वाक्य चित्र करून चिकटवले आहेस आणि एक शब्द बदलायचा तरी नवे चित्र काढत बसतोस. २०२३ साली आलेल्या ४.० मध्ये ही अडचण दूर झाली. पण त्या मालिकेला फोनच्या चित्रे रेखाटणाऱ्या भागात निदान ओपनजीएल ईएस ३.० ची सोय लागते आणि फार जुने फोन तिथे बाद होतात. म्हणून यंदा जुन्याच इंजिनात टार्गेट वाढवून खेळ पुन्हा दिसता कर, आणि स्थलांतर चुकांचा तक्ता तयार झाल्यावर कर.

तो तक्ता इंजिनाच्या बाहेर ठेव. गणित, अपेक्षित चूक, तिच्यामागचा नियम आणि तिला द्यायचा प्रतिसाद हे सगळे साध्या मजकुराच्या फाइलीत असू दे, जी उद्या कोणत्याही इंजिनाला वाचता येईल. माझा खेळ फ्लॅशमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये खेळ चालवणाऱ्या अडोबीच्या जुन्या सॉफ्टवेअरात, होता. अडोबीने २०१७ सालीच सांगून ठेवले होते, ३१ डिसेंबर २०२० रोजी आधार संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरने खेळ चालवणेच थांबवले. तेव्हा करोनामुळे आमच्या शाळा बंद होत्या, नंतर उघडल्या आणि संगणकावर माझ्या खेळाच्या जागी एक राखाडी चौकट उरली. चित्रांचे मला काही वाटले नाही. वर्षानुवर्षे मुलांच्या पाट्यांवरून आणि वह्यांवरून गोळा केलेल्या चुकांवर बेतलेले प्रतिसाद त्या चौकटीत अडकले, याची हळहळ मात्र जात नाही. चुका टिपलेल्या माझ्या वह्या शाबूत आहेत. त्या तुझ्या आहेत असे समज, तुझ्या तक्त्याला निम्म्याहून अधिक मजकूर त्यांतच मिळेल.

मुलांच्या चुकांची नोंद फोनमध्येच राहू दे. नाव नको, ठिकाण नको, कुठल्या सर्व्हरकडे पाठवणे नको. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती मागितली आहे आणि मुलांचा माग काढण्यावर बंधन घातले आहे. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितले असते. शिक्षकाने फोन हातात घेतला की 'हातचा न घेता वजाबाकी केली' अशी एक ओळ वाचता यावी, तेवढे पुरे. आणि अद्ययावत केल्यावर मुलाची जुनी पातळी पुसली जाणार नाही, हे तपासल्याशिवाय काहीही प्रसिद्ध करू नकोस. आषाढात नेटवर्क दोन-दोन दिवस नसते, शिक्षक फाइल एका फोनवरून दुसऱ्या फोनवर देतात; तशा वाटेने आलेल्या आवृत्तीतही ती टिकली पाहिजे.

चौथी-पाचवीसाठी नवे काय घालू, असे तू विचारले आहेस. बाहेर शोधायला जाऊ नकोस. १९०५ साली आपल्याच किनाऱ्यावर डहाणूला जन्मलेले आणि पुढे देवळालीला शाळामास्तर असलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांची ६१७४ ची कृती घे. चार अंकी संख्या घ्यायची, सगळे अंक सारखे नसावेत एवढीच अट. अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करायची आणि आलेल्या संख्येवर तेच पुन्हा करायचे. ३५२४ घेतली तर ५४३२ मधून २३४५ जाऊन ३०८७ येतात, ८७३० मधून ०३७८ जाऊन ८३५२ येतात, ८५३२ मधून २३५८ गेले की ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ती यायलाच हवी. जवळजवळ प्रत्येक पायरीला हातच्याचा सराव होतो, आणि सात पायऱ्या करूनही संख्या आली नाही तर आपले कुठेतरी चुकले हे मुलाला कुणी सांगावे लागत नाही, ते स्वतःच मागे जाऊन शोधू लागते. तिथे तुझ्या खेळाने एवढेच करायचे की मागच्या सगळ्या पायऱ्या पडद्यावर जशाच्या तशा राहू द्यायच्या. तीन अंकांना हीच कृती ४९५ वर येते, ती चौथीला दे. मात्र शून्य आघाडीला आले तर ते गाळले जाणार नाही असा कोड लिही, नाहीतर ०३७८ चे ३७८ होतील आणि चूक मुलाची न राहता तुझी होईल.

येत्या शनिवारी सकाळची शाळा आहे. साडेसातपर्यंत पोहोच, तिसरी-चौथीच्या मुलांना थोडा वेळ आपल्याकडे द्या असे मी गुरुजींना सांगून ठेवले आहे. लॅपटॉप आणू नकोस, तो उघडलास की तू मुलांऐवजी त्याच्याकडे बघत बसशील. एक वही आण, मुलाच्या शेजारी बस, त्याने दाबलेले प्रत्येक चुकीचे उत्तर लिहून घे आणि तासभर तोंड उघडू नकोस. वजाबाकीचे नवे हिरांचे पडदे तयार नसतील तर जुनाच खेळ चालेल. एखादा जुना अँड्रॉइड फोन मिळाला तर बरोबर घे, माझ्याकडचा आता चार्ज धरत नाही.

तुझी,
बाई