आधी मधली जागा बुजव

टिळकवाडी, बेळगाव

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या फुटबॉल टीमची मांडणी ४-३-३, म्हणजे चार बॅक, मधे तीन हाफ आणि तीन फॉरवर्ड, ही सोडून ३-५-२ करू का, असं तू विचारलंयस. गोव्याहून एखादा स्ट्रायकर आणता येईल का, हेही विचारलंयस, आणि पत्राच्या शेवटी लिहिलंयस की कमिटीनं काढण्याआधी आपणच बाजूला झालेलं बरं काय. तिन्हींचं उत्तर नाही, निदान या हंगामात तरी. तुझी टीम हरतेय ती मांडणीच्या आकड्यांमुळं नाही, आणि गोल मारणारा नाही म्हणूनही नाही. तुझे बॅक आणि तुझे फॉरवर्ड एकमेकांपासून फार लांब उभे राहतात. मधे जी जागा उरते, तिथं तुझ्या मॅच जातात. हे एकच दुखणं आधी हातात घे.

तू पाठवलेल्या व्हिडिओंत चेंडू जाळीत जातो तेवढेच तुकडे कापून ठेवलेत. त्यात गोलकीपर चुकलेला दिसतो, स्टॉपर, म्हणजे मधला बॅक, घसरलेला दिसतो, आणि मग सगळे त्या दोघांनाच बोलतात. त्याच्या आधीची वीस सेकंदं बघ. तुझे तिघं फॉरवर्ड समोरच्या बॅकवर धावून जातात, कारण गोल होत नाहीत आणि त्यांना काहीतरी करून दाखवायचंय. त्याच वेळी तुझे चौघं बॅक आपल्या पेनल्टी बॉक्सकडं सरकत असतात, कारण गेल्या मॅचला पाठीमागं बॉल पडला होता आणि ती भीती अजून गेलेली नाही. पोरं आळशी नाहीत. दोन्हीकडची पोरं जीव तोडून खेळतात, आणि त्यामुळंच मधे पन्नास-साठ पावलांचं रान मोकळं पडतं. तेवढ्या रानात तुझे तीन हाफ धावत राहतात आणि तासाभरानं त्यांचे पाय जातात. समोरचा पोरगा तिथं निवांत बॉल घेतो, वळतो, मान वर करून बघतो. त्याला मान वर करायला सवड मिळाली की पुढचा गोल गोलकीपरच्या खात्यावर मांडण्यात अर्थ नाही.

तुझ्याकडं उद्यमबागच्या फौंड्रीत काम करणारी पोरं आहेत, त्यांना हे लगेच पटेल. साच्याची वरची आणि खालची पेटी एकमेकींवर नीट बसली नाही, तर लोखंडाचा रस कितीही चांगला असू दे, तो फटीतून बाहेर येणारच. तिथं कुणी लोखंड बदलत बसत नाही, पेट्या बसवतात.

इटलीच्या आरिगो साक्कींनी मिलान संघाला १९८९ आणि १९९० असा लागोपाठ दोनदा क्लबांचा युरोपियन कप जिंकून दिला. सगळ्यात मागचा बॅक आणि सगळ्यात पुढचा फॉरवर्ड यांच्यात २५ मीटरच्या आसपासच अंतर राहिलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. सरावात ते पोरांना बॉल न देताच हलवायचे. बॉल इथं आहे असं समजा, आता तिथं गेला, आता मागं आला, आणि अकराजण एकदम सरकायचे. हे तू घे. पण त्यांची दुसरी गोष्ट घेऊ नको. साक्कींची टीम पुढं चढून अंतर कमी करायची आणि पाठीमागं मोकळं मैदान सोडायची. त्याला ऑफसाइडचा सापळा लागतो, म्हणजे बॅकनी एकदम पुढं सरकून समोरच्या फॉरवर्डला आपल्या पाठीमागं नियमाबाहेरच्या जागी सोडायचं, आणि तो सापळा लावायला त्यांच्या फ्रँको बरेसीसारखा बॅक लागतो. तुझा स्टॉपर हवेतल्या बॉलला भारी आहे, टॅकलला भारी आहे, पण वळायला जड. त्याला मध्यरेषेवर नेऊन उभा केलास तर पहिल्याच लांब बॉलवर तो उघडा पडेल.

म्हणून तू अंतर उलट्या बाजूनं कमी कर. बॅकना पुढं ढकलू नको, फॉरवर्डना मागं बोलाव. बॉल समोरच्याकडं असताना ४-४-२. चौघांच्या दोन रांगा, दोन रांगांत दहा-बारा पावलं, आणि पुढचे दोघं मधल्या वर्तुळाच्या आपल्या बाजूला. समोरच्या स्टॉपरकडं बॉल आहे? असू दे. त्याच्या अर्ध्या मैदानात तो काय करणार आहे? बॉल आपल्या अर्ध्या मैदानात आला की मगच दाब द्यायचा. त्याच्या आधी धावायची परवानगी तीनच वेळी: समोरचा खेळाडू आपल्या टीमच्या गोलकडं पाठ करून बॉल घेत असेल तेव्हा, बॉल त्याच्या पायाला लागून लांब उडाला तेव्हा, आणि त्यांच्या कोपऱ्याजवळ त्यांचा थ्रो-इन असेल तेव्हा. या तिन्ही वेळी सगळ्यांनी मिळून जायचं. एकट्यानं गेलेला फॉरवर्ड म्हणजे फुकट गेलेला फॉरवर्ड.

हे भित्र्यांचं फुटबॉल आहे, असं कुणीतरी तुला नक्की म्हणेल. त्याला ग्रीसबद्दल सांग. १९९४ च्या वर्ल्डकपला ग्रीस तिन्ही मॅच हरला होता, एकही गोल न मारता. २००४ च्या युरो कपला पोर्तुगालला जाईपर्यंत मोठ्या स्पर्धेत त्यांनी एकसुद्धा मॅच जिंकलेली नव्हती. जर्मन कोच ओटो रेहागेल यांनी त्यांना जवळजवळ उभं राहायला आणि समोरच्याला वळू न द्यायला शिकवलं. फ्रान्स, चेक प्रजासत्ताक आणि फायनलला खुद्द पोर्तुगाल, तिघांनाही त्यांनी १-० नं हरवलं. तिन्ही गोल डोक्यानं मारलेले, त्यातले दोन कॉर्नरवरचे. फायनलमध्ये त्या गोलनंतर अर्ध्या तासाहून जास्त वेळ त्यांनी पोर्तुगालला रोखून धरलं. त्याला ज्याला भित्रेपणा म्हणायचंय त्याला म्हणू दे. मला त्यात धैर्य दिसतं.

आणि आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर सय्यद अब्दुल रहीम. भारतीय टीमचे कोच, हैदराबादचे, पेशानं शाळामास्तर. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला त्यांच्या भारतीय टीमला युगोस्लाव्हियानं १०-१ नं हरवलं, तेव्हा आपले बरेचसे खेळाडू अनवाणी खेळत होते. चार वर्षांनी मेलबर्नला तीच भारतीय टीम चौथी आली. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पहिलीच मॅच दक्षिण कोरियाकडून २-० नं हरली. पुढं थायलंडविरुद्ध जर्नेलसिंगच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. जर्नेलसिंग म्हणजे भारताच्या बचावाचा खांब. रहीमसाहेबांनी काय केलं? त्याला घरी बसवला नाही, आणि बचावातही ठेवला नाही. सेमीफायनलला त्याला सेंटर फॉरवर्ड केला. त्या मॅचला त्यानं गोल मारला, फायनलला परत मारला, आणि ज्या कोरियाकडून हरले होते त्यालाच २-१ नं हरवून सुवर्णपदक आणलं. सगळं स्टेडियम विरोधात ओरडत असताना. तुझ्यासाठी यात महत्त्वाचं ते हे: रहीमसाहेबांनी टीम उलटीपालटी केली नाही. हाताशी होता तोच माणूस, त्या दिवशी जिथं उपयोगी पडेल तिथं उभा केला. तू गोव्याकडं बघण्याआधी आपल्या सतरा-अठरा पोरांकडं त्या नजरेनं एकदा बघ. कोण कुठं खेळतो हे विसर. कोणाला काय येतं, तेवढं लिहून काढ.

सरावाची तुझी अडचण मला माहीत आहे. कुणाची सेकंड शिफ्ट, कुणाची कॉलेजची परीक्षा, खानापूरचा पोरगा बसवर अवलंबून. अकराजण एकत्र मिळणं हीच मोठी गोष्ट. म्हणून अकराची वाट बघू नको. आठजण आले तरी दोन रांगा होतात. मैदानावर फक्कीनं आडव्या दोन रेषा मार, तीस पावलांच्या अंतरानं, आणि सांग की आज या दोन रेषांच्या बाहेर कुणी जायचं नाही. बॉल तू हातात घेऊन चाल. तू डावीकडं गेलास की सगळे डावीकडं. आधी चालत, मग हळू धावत. पोरांना पहिले दोन दिवस कंटाळा येईल, तरी सोडू नको. मैदानाला फेऱ्या मारायला लावणं मात्र बंद कर. दिवसभर भट्टीसमोर उभ्या राहिलेल्या पोराचा दम वाढवायची गरज नसते.

एकमेकांना हाक मारायचे शब्द ठरवून घे. तुझ्या टीममध्ये घरी मराठी बोलणारे आहेत, कन्नड आहेत, उर्दू आहेत, कॅम्पातली कोकणी पोरंही आहेत. एरवी सगळ्यांना सगळं कळतं, पण मॅचच्या घाईत प्रत्येकाच्या तोंडून आपापली भाषा येते आणि रांग फुटते. तीन-चारच हाका ठेव, कुठल्याही भाषेतल्या, आणि त्या द्यायचं काम गोलकीपर आणि स्टॉपर या दोघांचंच. बाहेर उभं राहून तू ओरडू नको. रेषेवर काका-मामांची ओरड आधीच पुष्कळ असते. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर खेळायला गेलास तर तुझा आवाज कडेनं खेळणाऱ्या तुझ्या विंगरपर्यंतसुद्धा पोचणार नाही, त्याची सवय आत्ताच झालेली बरी.

पावसाचं वेगळं सांगतो, कारण जूनपासून आपल्याकडं खेळ बदलतो. तांबड्या मातीच्या चिखलात छोटा पास निम्म्या वाटेत थांबतो. २०१९ पासून गोल किकचा बॉल पेनल्टी बॉक्सच्या आतच आपल्या माणसाला घेता येतो, आणि टीव्हीवर बघून तुझी पोरंही तसं करतात. ओल्या मैदानावर ते सक्त बंद. गोल किक लांब, दरवेळी एकाच बाजूला, आणि तिथं सात-आठजण आधीच जमलेले. पहिला बॉल समोरच्यानं डोक्यानं मारला तरी चालेल, खाली पडणारा दुसरा बॉल आपला. मॅचच्या आधी बूट घालून मैदानभर फिर, पाणी कुठल्या बाजूला साठतं ते बघ. पहिल्या हाफमध्ये तो भाग तुझ्या बॅकच्या पायाखाली येणार की त्यांच्या, यावर टॉस जिंकल्यावर कुठलं गोल घ्यायचं ते ठरव.

गोलचं म्हणशील तर ते थ्रो-इन आणि कॉर्नरवर शोध. हरणाऱ्या टीमला मोकळ्या खेळात संधी कमी मिळतात, पण थ्रो-इन सगळ्यांनाच मिळतात, आणि थ्रो-इनवरून थेट आलेल्या बॉलला ऑफसाइड नसतं. कॉर्नरलाही नसतं. इतकी सोपी गोष्ट, पण स्थानिक मॅचला बघ, थ्रो-इन घेणारा पोरगा बॉल हातात घेऊन कुणाला देऊ म्हणून शोधत असतो. तुझ्याकडं उंच स्टॉपर आहे. दर सरावाला पंधरा मिनिटं फक्त यासाठी ठेव: कोण फेकणार, कोण जवळ येणार, कोण पाठीमागं पळणार, आणि स्टॉपर कधी वर जाणार. तो वर गेला की त्याच्या जागी कोण थांबणार, त्याचं नावसुद्धा ठरलेलं हवं.

आता कमिटी. राजीनामा लिहू नको. दुखापत झालेला जो पोरगा बाकावर बसतो, त्याच्या हातात वही दे. समोरच्यानं आपल्या दोन रांगांच्या मधे बॉल घेऊन आपल्या गोलकडं तोंड किती वेळा वळवलं, तेवढंच त्यानं मोजायचं. दर मॅचला. निकाल बदलायच्या आधी हा आकडा खाली यायला लागेल, आणि तो खाली येतोय हे पोरांना दाखव, कमिटीलाही दाखव. हा आकडा कमी होत नसेल तर माझं सांगणं चुकतंय किंवा सरावात काहीतरी राहतंय, मग आपण बसून बघू. पण एका हरलेल्या मॅचनंतर मांडणी बदलायची नाही, एवढं वचन मला दे. दर रविवारी नवी मांडणी म्हणजे पोरांना दर रविवारी नव्यानं भीती.

राहिला तुझा उजवा विंगर. त्याला बसवायचं तुझ्या मनात आहे, कारण तो मागं येत नाही. बसवू नको. पायात बॉल घेऊन दोघांना चकवणारा तुझ्याकडं तो एकटाच आहे. ४-४-२ मध्ये त्याला विंगवरून काढ आणि पुढच्या दोघांतला एक कर. मग त्याला आपल्या कॉर्नर फ्लॅगपर्यंत धावायचं नाही, फक्त मधल्या वर्तुळापर्यंत यायचं, आणि तेवढं तो करेल. विंगवर तो डाव्या पायाचा शांत पोरगा घाल, जो सरावाला कधी चुकत नाही आणि ज्याच्याबद्दल तू पत्रात एक ओळही लिहिली नाहीस. दोघांशी वेगवेगळं बोल, आणि मॅचच्या आदल्या रात्री नको, दोन दिवस आधी बोल, म्हणजे नव्या जागी एक तरी सराव होईल.

तुझा,
सर