कृष्णविवर जितकं मोठं, तितकी चिरफाड जास्त का?

छोट्या कृष्णविवराजवळ माणूस शेवईसारखा ताणला जातो, तर आकाशगंगेच्या मध्यावरच्या अजस्र विवरापाशी त्याचं काय होत असेल, असं तुम्ही विचारलंय. उत्तर नेमकं उलटं आहे. त्या अजस्र विवराचं घटनाक्षितिज, म्हणजे जिथून प्रकाशही परत येऊ शकत नाही ती सीमा, ओलांडताना त्याला ताण जाणवणारसुद्धा नाही.

नुसत्या ओढीने कोणी फाटत नाही. मोकळेपणी पडणाऱ्याला ओढ जाणवतच नाही. अंतराळवीर तरंगतात ते त्यामुळेच. फाडतो तो ओढीतला फरक. पाय विवराच्या जवळ, डोकं दोन मीटर मागे, म्हणून पाय जास्त जोराने खेचले जातात.

हा फरक काय करतो ते आपल्या मुंबईत रोज दोनदा भरतीत दिसतं. चंद्र-सूर्याच्या ओढीतल्या फरकानेच समुद्राला भरती येते. पृथ्वीवर सूर्याची ओढ चंद्राच्या जवळपास १८० पट आहे. तरी भरतीत सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही कमी. कारण ओढ अंतराच्या वर्गाने घटते, पण ओढीतला फरक घनाने. सूर्य लांब असल्यामुळे इथे मार खातो.

आता हेच विवराला लावा. क्षितिजाची त्रिज्या वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते, एका सूर्याएवढ्या वस्तुमानामागे साधारण ३ किमी. वस्तुमान दहापट केलं तर त्रिज्याही दहापट, तिचा घन हजारपट. म्हणजे क्षितिजापाशी ताण शंभरपट कमी.

१० सूर्यांच्या विवराचं क्षितिज ३० किमीवर. तिथे डोक्या-पायांतला फरक पृथ्वीच्या गुरुत्वाच्या सुमारे २ कोटी पट भरतो. अर्थात तिथवर माणूस पोचतच नाही, हजारो किमी अलीकडेच संपतो. आकाशगंगेच्या मध्यावरचं विवर सुमारे ४३ लाख सूर्यांचं, क्षितिज सव्वा कोटी किमीवर, आणि फरक पृथ्वीच्या गुरुत्वाच्या हजारांशही नाही. (भोवतालचा तापलेला वायू आणि किरणोत्सर्ग मी सोयीस्करपणे विसरतोय.) आत गेल्यावर मात्र सुटका नाही. ताण वाढतच जातो आणि जेमतेम मिनिटभरात खेळ खलास.

ताऱ्यांची गोष्ट वेगळी. सूर्य १४ लाख किमी रुंद, त्यामुळे त्याच्या दोन टोकांवरच्या ओढीत फरकही मोठा. साधारण १० कोटी सूर्यांपर्यंतची विवरं त्याला क्षितिजाबाहेरच फाडतात, आणि तो भडका दुर्बिणींना दिसतो. एम८७ दीर्घिकेतलं, २०१९ मध्ये ज्याचं छायाचित्र आलं ते विवर सुमारे ६५० कोटी सूर्यांचं आहे. ते असा तारा अख्खा गिळेल, भडका न उडवता.